एका संशोधन-पत्रिकेची पाने : इनुयामा ते धारवाड



शास्त्रीय नियतकालिक हा सलग वाचनाचा विषय सहसा मानला जात नाही. ग्रंथालयाच्या एखाद्या कोपऱ्यात बांधीव खंडांच्या रांगेत ते उभे असते. ज्याला एखादा आकडा हवा असतो तो खंड काढतो, हवे ते पान पाहतो आणि खंड जागच्या जागी ठेवून देतो. परंतु काही नियतकालिके अशी असतात की त्यांचे जुने खंड क्रमाने चाळले तर एक संपूर्ण शास्त्र उभे राहताना दिसते. त्याची चाचपड दिसते, त्याचे वाद दिसतात, आणि आरंभी ज्या गोष्टीकडे कोणी लक्ष दिले नाही ती पुढे केवढी महत्त्वाची ठरली हेही कळते. १९५७ साली जपानमधील इनुयामा या गावातून ‘प्रायमेट्स’ या नावाने निघू लागलेली संशोधन-पत्रिका ही अशांपैकी एक होय.

नरवानर गणाच्या अभ्यासाला ती वाहिलेली आहे. या गणात लेमूर आणि लोरिस येतात, माकडे आणि वानर येतात, गिबन, ओरांगउटान, गोरिला व चिंपँझी हे कपी येतात, आणि शेवटी, कितीही आढेवेढे घेतले तरी, मनुष्यही येतो. या विषयावरील आज चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत ‘प्रायमेट्स’ हे सर्वांत जुने आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथून ‘फोलिया प्रायमॅटोलॉजिका’ निघाले ते १९६३ मध्ये, आणि अमेरिकेतील दोन प्रमुख नियतकालिके तर १९८० व १९८१ मध्ये सुरू झाली. म्हणजे युरोप-अमेरिकेच्या आधी जपानने या विषयाला स्वतंत्र पत्रिका दिली. महायुद्धातील पराभवाला तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती.

हे जपानमध्येच का घडावे? एक कारण अगदी साधे आहे. जपानमध्ये माकडे आहेत. होन्शू बेटाच्या उत्तर टोकापर्यंत, हिवाळ्यात बर्फाने झाकल्या जाणाऱ्या रानांत ती राहतात. मनुष्य वगळता नरवानर गणातील कोणताही प्राणी त्याहून उत्तरेस राहत नाही. उलट युरोपात, जिब्राल्टरच्या खडकावर माणसाने आणून जोपासलेला एक समूह सोडला, तर माकड नाही. तेथील विद्वानांना माकड भेटत असे ते पिंजऱ्यात, किंवा संग्रहालयात सांगाड्याच्या रूपाने. सॉली झुकरमन यांचा १९३२ सालचा गाजलेला ग्रंथ लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दाटीने कोंडलेल्या बबूनांच्या निरीक्षणावर मुख्यतः आधारलेला होता. त्या बबूनांनी एकमेकांची जी कत्तल केली तिच्यावरून माकडांच्या समाजरचनेविषयी निष्कर्ष काढले गेले. तुरुंगातील दंगल पाहून गावाच्या पंचायतीविषयी मत बनवावे, तसाच हा प्रकार. पनामाच्या रानात जाऊन हाउलर माकडांचा धीराने अभ्यास करणारा अमेरिकन संशोधक क्लॅरेन्स कार्पेंटर हा त्या काळातील ठळक अपवाद होय.

आपल्या देशाची स्थिती तिसरीच होती. येथे माकडे विपुल. मराठीत तर लाल तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर, असा भेद शास्त्रज्ञांनी सांगण्यापूर्वीच रूढ आहे. तथापि ज्याला आपण देवळाच्या पायरीवर फुटाणे देतो आणि कौले फोडली म्हणून हाकलतो, तो प्राणी वहीत रोज नोंदण्याचा विषय आहे असे आपल्याकडे फारसे कोणाला वाटले नव्हते.

जपानी परंपरेचा आरंभ किंजी इमानिशी यांच्यापासून होतो. क्योटो विद्यापीठाशी संबंधित असलेले हे गृहस्थ मूळचे कीटकांचे अभ्यासक, आणि गिर्यारोहकही. १९४८ साली ते क्यूशू बेटाच्या दक्षिण भागात, तोई भूशिरावर, अर्धरानटी घोड्यांचे निरीक्षण करीत होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शुन्झो कावामुरा आणि जुनिचिरो इतानी या दोन तरुण विद्यार्थ्यांसह ते जवळच्या कोशिमा नावाच्या लहानशा बेटावर माकडे पाहण्यास गेले. घोडे मागे पडले; माकडे मात्र पुढील सर्व आयुष्याला पुरली.

प्रारंभी माकडे जवळ येऊ देत नसत. १९५२ मध्ये रताळी व गहू घालून त्यांना उघड्या वाळूवर आणण्यात यश आले. यानंतर या मंडळींनी जे केले ते पाश्चात्त्य पद्धतीत न बसणारे होते. त्यांनी कळपातील प्रत्येक माकड चेहऱ्यावरून ओळखण्यास सुरुवात केली, प्रत्येकाला नाव दिले आणि कोण कोणाची मुलगी, कोण कोणाचा भाऊ, याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. प्राण्याला नाव देणे म्हणजे त्याच्यावर मनुष्यत्व लादणे, असा आक्षेप पुढे पुष्कळ दिवस घेतला गेला. आज हीच रीत जगभर रूढ आहे, आणि आक्षेप घेणाऱ्यांच्या शिष्यांनीही ती उचलली आहे. वंशावळ ठाऊक नसेल तर माकडांच्या समाजाविषयी जे बोलावे ते अर्धवटच राहते.

इमानिशी यांच्या डोक्यात याहून धाडसी एक कल्पना होती. १९५२ मध्येच त्यांनी एक संवादरूप निबंध लिहिला होता. त्यात एक उत्क्रांतिवादी, एक सामान्य माणूस, एक माकड आणि एक गांधीलमाशी बोलत असतात, आणि वाद असतो तो मनुष्येतर प्राण्यांना संस्कृती असू शकेल काय, यावर. एका पिढीने शिकलेले दुसऱ्या पिढीकडे समाजातूनच गेले, तर त्याला संस्कृती म्हणण्यास अडचण कोणती, असा त्या निबंधाचा रोख आहे. पुरावा हाती येण्यापूर्वीचे हे लेखन आहे. पुरावा पुढच्याच वर्षी आला.

१९५६ मध्ये नागोया रेल्वे कंपनीच्या साहाय्याने इनुयामा येथे जपान मंकी सेंटर ही संस्था उभी राहिली आणि लगेच १९५७ मध्ये तिने ही पत्रिका सुरू केली. नाव इंग्रजी होते, परंतु पहिला खंड जपानी भाषेत होता. त्या खंडात १९५८ मध्ये मासाओ कावाई आणि कावामुरा यांचे माकडांतील उच्चनीच क्रमावरील लेख आले. मादी-पिलाचा दर्जा तिच्या आईच्या दर्जावरून ठरतो, आणि बहिणींमध्ये धाकटीचा दर्जा थोरलीच्या वर जातो, हा कावामुरांचा नियम याच पानांवर आहे. ज्याने वर्षानुवर्षे मायलेकींची नावे लिहून ठेवली नाहीत त्याला हा नियम दिसणेच शक्य नव्हते. आणि ज्याला जपानी येत नव्हते त्याला तो वाचणे शक्य नव्हते! दुसऱ्या खंडापासून, १९५९ मध्ये, पत्रिका इंग्रजीत निघू लागली. पहिल्या काळातील निवडक जपानी लेखांचे इंग्रजी भाषांतर १९६५ साली स्टुअर्ट ऑल्टमन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. तेवढी सात वर्षे हे ज्ञान छापील असूनही जगाच्या मोठ्या भागाला नसल्यासारखेच होते. शास्त्राला भाषा नसते असे म्हणतात. ते म्हणणाऱ्याची भाषा बहुधा इंग्रजी असते.

शब्दांची अडचण इंग्रजीत गेल्यावरही सुटली नाही. कोशिमाच्या माकडांच्या वर्तनाला कावामुरा यांनी १९५९ च्या लेखात ‘उपसंस्कृती’ म्हटले; कावाई यांनी १९६५ मध्ये ‘संस्कृतिपूर्व वर्तन’ असा शब्द योजला. दोघांनाही नुसते ‘संस्कृती’ म्हणण्याचा संकोच वाटला, हे उघड आहे. मराठीत तर हा संकोच अधिकच जाणवतो. आपल्या ‘संस्कृती’ला संस्कारांचा, ग्रंथांचा आणि कलांचा भार आहे, वाळूत बसून रताळे धुणाऱ्या माकडिणीला तो शब्द लावताना लेखणी अडखळते. परंतु आपण घरातील चालीरीतीला जो ‘वळण’ हा शब्द वापरतो तो येथे चपखल बसतो. एका पोरीने लावलेले वळण घराण्यात उतरले, असे म्हटले की कोशिमावर काय घडले ते कोणत्याही मराठी वाचकाला समजावे.

हा कावाई यांचा लेख पत्रिकेच्या सहाव्या खंडाच्या अगदी पहिल्या पानापासून सुरू होतो. १९५३ च्या सप्टेंबरात दीड वर्षाच्या एका मादीने वाळूने भरलेले रताळे पाण्यात नेऊन धुतले. ‘इमो’ हे तिचे नाव. जपानी भाषेत इमो म्हणजे कंद. हे प्रथम पाहिले ते सात्सुए मितो या स्थानिक शिक्षिकेने, आणि पुढे कित्येक वर्षे तिने या माकडांची नोंद ठेवली. इमोचे पाहून तिचे सवंगडी धुवू लागले, तिची आई धुवू लागली. प्रथम ओढ्याच्या गोड्या पाण्यात चाले. नंतर समुद्राच्या पाण्यात धुण्याची आवड निर्माण झाली, बहुधा खारट चवीमुळे. मार्च १९५८ पर्यंत दोन ते सात वर्षे वयाच्या १९ माकडांपैकी १५ माकडे रताळी धुऊ लागली होती. आठ वर्षांवरील ११ प्रौढांपैकी केवळ दोन, आणि त्या दोन्ही माद्या. प्रौढ नर शिकले नाहीत. ते कळपाच्या कडेला असत, पोरांच्या खेळात त्यांचा वावर नसे. जी पोरे मोठी होऊन आई झाली त्यांची पिले मात्र हे वळण आईच्या कुशीतूनच घेऊन आली. १९५६ मध्ये त्याच इमोने वाळूत मिसळलेला गहू मुठीने उचलून पाण्यात टाकला. वाळू तळाशी गेली, गहू तरंगला, आणि तिने तो वरच्यावर टिपून खाल्ला. आपल्याकडची बाई परातीत पाणी घेऊन खडे काढते त्याहून ही युक्ती फार वेगळी नाही.

या आकड्यांचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९७९ मध्ये लायल वॉटसन या लेखकाने एका पुस्तकात असे सुचविले की शिकलेल्या माकडांची संख्या शंभराच्या घरात पोचताच ते ज्ञान कोशिमावरील सर्व माकडांत एकदम पसरले आणि समुद्र ओलांडून दुसऱ्या बेटांवरही आपोआप गेले. १९८२ मध्ये केन कीझ यांनी ‘शंभरावे माकड’ या कल्पनेवर एक छोटे पुस्तकच लिहिले, आणि त्यानंतर ही कथा अध्यात्माच्या व मनुष्यजातीच्या जागृतीच्या व्याख्यानांतून जगभर फिरली. आपल्या देशातही ती आवडीने सांगितली जाते. १९८५ मध्ये रॉन अमंडसन या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने एक साधे काम केले. त्याने मूळ पत्रिका उघडून वाचली. कोशिमाच्या कळपात १९५२ मध्ये अवघी २० माकडे होती आणि १९६२ मध्ये ५९. शंभरावे माकड मुळात नव्हतेच. एकाएकी झालेला स्फोटही नव्हता. होता तो आईकडून मुलाकडे जाणारा संथ, अपुरा प्रसार, जो कित्येक वृद्धांपर्यंत पोचलाच नाही. एवढा संथ, की हे खरोखरच अनुकरण आहे की प्रत्येकाने आपापल्या परीने शोधून काढले, अशी शंका बेनेट गेलेफ या मानसशास्त्रज्ञाने १९९० नंतरच्या दशकात उपस्थित केली. ती शंका शास्त्रीय आहे आणि तिचे उत्तर नोंदींतूनच शोधावे लागते. शंभराव्या माकडाची कथा मात्र ज्याने नोंदी पाहिल्या नाहीत त्यालाच सांगता येते.

आता तोच सहावा खंड, १९६५ सालचा, शेवटाकडून उघडू. तेथे जो लेख आहे तो आपल्या अधिक जवळचा आहे, भूगोलाने आणि विषयाने.

१९६१ ते १९६३ या काळात जपानी व भारतीय संशोधकांच्या एका संयुक्त प्रकल्पात युकिमारू सुगियामा, केंजी योशिबा आणि एम. डी. पार्थसारथी यांनी धारवाडच्या परिसरातील वानरांचा अभ्यास केला. धारवाड तेव्हा म्हैसूर राज्यात होते. त्यापूर्वी, १९५६ पर्यंत, ते मुंबई राज्याचा भाग होते, आणि मराठी माणसाला ते गाव परके नाही. येथे वानरांची संख्या फार दाट होती. बहुतेक कळपांत एकच प्रौढ नर, काही माद्या आणि त्यांची पिले असत. याखेरीज केवळ नरांच्या टोळ्या रानात फिरत. १९६२ मध्ये अशा एका टोळीने एका कळपावर हल्ला केला. जुना नर हुसकला गेला, टोळीतील इतरही बाजूस पडले, आणि एका नराने कळप ताब्यात घेतला. त्यानंतर त्याने कळपातील अंगावर पिणाऱ्या पिलांना एकामागून एक चावे घेऊन मारले. पिले गेल्यावर त्यांच्या आया लवकरच माजावर आल्या आणि त्यांनी याच नराशी समागम केला.

हे एकदाच घडले असते तर अपवाद म्हणून सोडता आले असते. सुगियामा यांनी एक प्रयोग केला, तो सातव्या खंडात १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका कळपातील एकुलता एक प्रौढ नर त्यांनी पकडून बाजूला काढला. शेजारच्या कळपातील नर त्या कळपात शिरला आणि येथेही पिलांना चावे बसून ती दगावली. प्रयोग म्हणून तो निर्दय वाटतो, आणि आज तो करण्यास परवानगी मिळेल असे वाटत नाही. परंतु त्याने प्रश्नाचे स्वरूप बदलले यात संशय नाही. नर बदलणे आणि पिले मरणे यांचा संबंध आता योगायोगाचा राहिला नाही.

त्याच १९६५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात फिलिस जे या विदुषीने उत्तर प्रदेशातील कौकोरी आणि मध्य भारतातील ओरछा येथील वानरांचे चित्र रेखाटले होते. त्या चित्रातील वानर शांत, सौम्य, एकमेकांची पिले मांडीवर खेळविणारे आहेत. दोन्ही निरीक्षणे खरी होती. परंतु वाचकवर्गाने स्वीकारले ते सौम्य चित्र. धारवाडचा वृत्तांत गर्दीमुळे बिघडलेल्या समाजाची विकृती म्हणून बाजूस ठेवण्यात आला. हनुमंताच्या नावाने ओळखला जाणारा प्राणी पिले मारतो हे आपल्यालाही ऐकवत नाही, ही गोष्ट वेगळी. येथे पुन्हा शब्द आड येतो. ‘शिशुहत्या’ म्हटले की आपण न्यायाधीशाच्या आसनावर बसतो; ‘पिले मारणे’ एवढेच म्हटले की निदान पाहत राहता येते.

पाहणारे पुढे निघाले. जोधपूर येथे एस. एम. मोहनोत यांना असेच आढळले आणि त्यांनी ते १९७१ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सारा ब्लाफर हर्डी ही हार्वर्डची तरुण विद्यार्थिनी अबूच्या पहाडावर आली. गर्दीमुळे विकृती निर्माण होते, हे तपासावे असा तिचा हेतू होता. तिने निष्कर्ष काढला तो निराळाच. नराचा कळपावरील अंमल थोड्या काळाचा असतो. मादी पिलाला पाजीत असेपर्यंत सहसा गाभण राहत नाही. तेव्हा दुसऱ्याचे पिलू मारणारा नर आपल्या संततीसाठी वेळ मिळवितो, आणि म्हणून हे वर्तन नैसर्गिक निवडीने टिकले असावे. हर्डी एवढ्यावर थांबल्या नाहीत, हे त्यांचे वैशिष्ट्य. माद्या स्वस्थ बसून हे सोसत नाहीत. त्या एकजुटीने प्रतिकार करतात, आणि अनेक नरांशी समागम करून पित्याविषयी संभ्रम निर्माण करतात, असे त्यांनी दाखविले. १९७४ चा त्यांचा लेख बाझेलच्या नियतकालिकात आला आणि १९७७ मध्ये अबूच्या वानरांवरील ग्रंथ. वाद पेटला. विरोधकांत आता फिलिस डोलिनाउ या नावाने लिहिणाऱ्या फिलिस जे स्वतः होत्या. मारलेले पिलू मारणाऱ्याचेच नव्हते कशावरून, हा प्रश्न डोळ्यांनी पाहून सुटण्यासारखा नव्हताच.

तो सुटण्याच्या वाटेला लागला १९९९ मध्ये, नेपाळमधील रामनगर येथे. तेथील वानरांच्या विष्ठेतून मिळालेल्या डीएनएच्या तपासणीत, हल्ला करणारे नर त्या पिलांचे पिते नव्हते असे दिसून आले. धारवाडच्या नोंदीला तोपर्यंत ३७ वर्षे झाली होती. दरम्यान वानराचे शास्त्रीय नावही बदलले. सुगियामा यांच्या लेखांत तो ‘प्रेसबायटिस’ प्रजातीत आहे, आज तो ‘सेम्नोपिथेकस’ या प्रजातीत मोडतो, आणि ज्याला एक जाती समजत होते तिच्या अनेक जाती मानल्या जातात.

पत्रिकेचे इतर खंडही असेच उघडता येतील. टांझानियातील महाले पर्वतातील चिंपँझींना निश्चित सभासद असलेले समाज असतात, हे तोशिसादा निशिदा यांनी १९६८ मध्ये नवव्या खंडात मांडले. त्याचा विस्तार येथे करण्यास वेळ नाही. परंतु सातव्या खंडातील धारवाडच्या प्रयोगाकडे एकदा पुन्हा वळले पाहिजे, कारण तो प्रयोग आपल्या गावांतून नकळत चालू असतो. वानरांचा उपद्रव वाढला की कळपातील मोठा, दांडगा नर पकडावा आणि दूरच्या रानात सोडून यावे, अशी मागणी होते. पिंजरा येतो, नर जातो, लोक समाधान पावतात. कळपात जागा मोकळी झालेली असते, आणि आसपास एखादी नरांची टोळी असली तर ती जागा फार दिवस मोकळी राहत नाही. काही आठवड्यांनी कौलांवर एखादी मादी मेलेले पिलू छातीशी धरून बसलेली दिसते, तेव्हा ते कशाने मेले असावे याची चौकशी कोणी करीत नाही.